रॉकेटला अक्कल कुणी दिली?

प्रश्न : नातू रॉकेट रकूनचं कॉमिक वाचतो. ‘हे मांजर बंदूक का चालवतंय?’ विचारलं, तर पोट धरून हसला! हा प्राणी कोण, याला एवढी अक्कल कुणी दिली?
– एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, रकून मूळचा उत्तर अमेरिकेतला, मांजर नव्हे. डोळ्यांवर काळा पट्टा, थेट चोरासारखा! बिल मॅन्टलो आणि कीथ गिफेन यांनी १९७६ साली रॉकेटला कॉमिकमध्ये आणलं. १९८५च्या चार अंकी मालिकेत त्याच्या अकलेचं गुपित फुटतं : हाफवर्ल्ड नावाच्या ग्रहावर मनोरुग्णांना सांभाळायचं काम यंत्रमानवांनी प्राण्यांच्या गळ्यात मारलं, त्यासाठीच त्यांना शहाणं केलं. म्हणजे अक्कल मिळाली ती ड्युटीसाठी! मला त्यातला एक अंक फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला होता, विनाकव्हरचा. माइक मिन्योलाची चित्रं मात्र शाबूत होती. नातवाकडून तीच आधी बघा.