नोकरी शोधताना स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड छापावं का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं नाशिकला सातपूरच्या एका युनिटात क्वालिटी विभागात होतात, युनिट बंद झालं, आता नोकरीसाठी अंबड-सिन्नरच्या एमआयडीसी पालथ्या घालताय आणि एक मित्र म्हणतो स्वतःचं कार्ड छापून घे. हातात नोकरी नाही आणि खिशात कार्ड, लोक हसतील का? आणि नावाखाली लिहायचं काय?

हसत कोणी नाही. माझं अंबडला छोटं मशीन शॉप आहे, माणसं घ्यायचं काम माझ्याकडेच असतं. कार्ड जरूर छापा. फक्त ते ज्याच्याकडे द्यायला नोकरी आहे त्याला द्यायचं नसतं, त्याला तर बायोडेटाच लागतो. कार्ड द्यायचं ते तुमचा नंबर पुढे तिसऱ्या माणसाला देईल अशाला. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप ठरतं.

तुमच्या बाबतीत असा पहिला माणूस म्हणजे कॅलिब्रेशनवाला, म्हणजे मापाची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासून देणारा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज घेऊन तो एमआयडीसीतल्या युनिटांतून फिरतो आणि बसतो थेट क्वालिटीच्या टेबलाशी. कुठला इन्स्पेक्टर सोडून गेला, कुठे ऑडिट तोंडावर आलंय आणि कागद तयार नाहीत, हे त्याला एचआरच्या आधी कळतं. मग इन्सर्ट आणि कटिंग टूल विकणारे सेल्स इंजिनिअर, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटवाले. जुन्या कंपनीत यांच्यातले कितीतरी तुमच्याकडे चहा पिऊन गेले असतील. त्यांना फोन करा, भेटा, दोन-दोन कार्डं द्या. एक त्यांच्यासाठी, एक पुढे देण्यासाठी. आमच्याकडे अशा तोंडी निरोपावर भरलेल्या जागा जाहिरातीपेक्षा जास्त आहेत.

गेटवर मात्र कार्ड देऊ नका. सिक्युरिटी केबिनमधल्या रजिस्टरखाली ते सरकतं आणि तिथेच राहतं. मोठ्या कंपन्यांत अर्ज पोर्टलवरूनच जातो, तिथेही कार्डाचा काही उपयोग नाही.

आता कार्डावर काय लिहायचं. 'क्वालिटी कन्सल्टंट' अजिबात नको. वाचणाऱ्याला वाटतं हा फी घेऊन सल्ला देणार, नोकरी करणार नाही. जुन्या कंपनीचं नाव-लोगोही नको, आणि 'नोकरीच्या शोधात' असंही लिहू नका. नाव, त्याखाली 'क्वालिटी इन्स्पेक्टर – मशीन्ड पार्ट्स', आणि त्याखाली एकच ओळ, हाताला येणारं खरं काम: सीएमएम, पीपीएपी, ८डी, इनकमिंग आणि फायनल इन्स्पेक्शन. (सीएमएम म्हणजे पार्टची मापं घेणारं मशीन, पीपीएपी म्हणजे नव्या पार्टला गिऱ्हाइकाची मंजुरी घ्यायची प्रक्रिया, ८डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत.) जे येतं तेवढंच. सीएमएम चालवता येतं पण प्रोग्रॅम करता येत नाही, तर 'ऑपरेशन' लिहा. पहिल्याच प्रश्नात कळतं हो ते! आमच्यासारखा माणूस हुद्द्याकडे बघतही नाही, कारण एका कंपनीतला 'इंजिनिअर' दुसऱ्या कंपनीत हेल्पर असतो. ती खालची ओळ बघतो.

मग मोबाईल नंबर (व्हॉट्सॲप असलेला), साधा ई-मेल, पत्त्यात फक्त 'सिडको, नाशिक' किंवा तुमचा जो भाग असेल तो. भाग लिहाच. सिन्नर किंवा गोंदे अशा लांबच्या युनिटला माणूस रोज येऊ शकेल का, हे तिथूनच कळतं. फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचं नाव नको. ते लग्नाच्या बायोडेटात.

छपाईचं फार डोक्याला लावून घेऊ नका. नेहमीचा ३.५ × २ इंचाचा आकार, ३०० जीएसएमच्या आसपासचा कागद. ऑफसेटवाला हजार कार्डं गळ्यात मारेल. डिजिटलवर शंभर काढा. नंबर बदलला, काम बदललं तर फेकायला वाईट वाटत नाही. मागची बाजू कोरी ठेवा आणि ग्लॉसी लॅमिनेशन करू नका, त्यावर पेन चालत नाही. मी स्वतः कार्ड घेतलं की मागे खरडतो: 'कॅलिब्रेशनवाल्याने पाठवला, नाईट चालेल'. ते खरडलेलं नसेल तर आठवड्याने ते कार्ड कोणाचं हे मलाही सांगता येत नाही.

निमाचं (नाशिकच्या उद्योजकांची संघटना) प्रदर्शन असो नाहीतर ठक्कर डोमला भरलेलं एखादं इंडस्ट्रियल एक्झिबिशन, तिथे जरूर जा, पण पत्रकं वाटल्यासारखी कार्डं वाटू नका. स्टॉलवाला पैसे भरून गिऱ्हाईक शोधायला बसलेला असतो. दुपारी गर्दी ओसरली की जा, त्यांनी मांडलेल्या पार्टबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) काय धरता, तपासता कशावर. बोलणं रंगलं तर विचारा, "प्लांटला क्वालिटी कोण बघतं?" त्यांचं कार्ड मागून घ्या, मग आपलं द्या. खरं सांगायचं तर आपलं देण्यापेक्षा त्यांचं मिळणं जास्त कामाचं. तुमच्या कार्डावरून फोन येईल याची वाट बघावी लागते, त्यांच्या कार्डावर तुम्ही त्याच संध्याकाळी मेसेज करू शकता: "आज स्टॉलवर भेटलो, बोअर गेजबद्दल बोललो होतो, बायोडेटा जोडलाय." पीडीएफच्या फाइलला स्वतःचं नाव आणि 'क्वालिटी' एवढं द्या. 'न्यू रिझ्युमे फायनल २' नावाच्या फाइली माझ्या फोनमध्ये इतक्या आहेत की कोणती कोणाची हे उघडल्याशिवाय कळत नाही.