लेव्हीत सुट्टीचं घर घेण्याआधी

तुमचं पत्र मिळालं. सप्टेंबरात फिनलंडमध्ये एस्पोला नोकरीवर रुजू होणार, त्याआधी वाकडचा फ्लॅट विकणार आणि त्या पैशांतून उत्तरेकडे लॅपलँडमध्ये लेव्ही या स्कीच्या ठिकाणी सुट्टीचं घर घेणार. वर्षातले काही आठवडे स्वतः राहायचं, उरलेले भाड्यानं द्यायचे, असा बेत. भारतीय नागरिकाला घर घेता येतं का, स्वतंत्र लाकडी घर चांगलं की अपार्टमेंट, जाहिरातीतला तो स्वस्त 'आठवडा' कसा, आणि भाड्यातून हप्ता सुटेल का, हे तुमचे प्रश्न. आम्ही बरीच वर्षं औलूला राहतो आणि रुका या स्कीच्या ठिकाणी आमचं छोटं अपार्टमेंट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घेता येतं, पण दोन वाटा आहेत आणि त्या कायद्यानं अगदी वेगळ्या आहेत. जमिनीसकट स्वतंत्र घर घेतलंत तर ती स्थावर मालमत्ता. १ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या नागरिकाला तिच्यासाठी फिनलंडच्या संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. अर्ज आधी करता येतो, नाहीतर खरेदीनंतर दोन महिन्यांच्या आत. फिनलंडमध्ये राहत असलात तरी पासपोर्ट भारतीय आहे तोवर ही अट तुम्हाला लागू. अपार्टमेंट घेताना मात्र तुम्ही गृहनिर्माण कंपनीचे शेअर घेता, त्याला ही परवानगी लागत नाही. आणि घर घेतल्यानं राहण्याचा परवाना मिळत नाही, ही गोष्ट वहिनींनाही नीट सांगा. तुमचा परवाना नोकरीवर आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, विशेष तज्ज्ञ म्हणून परवाना असेल तर सहा. लेव्हीतलं घर त्या हिशेबात धरलं जात नाही.

माझं मत विचाराल तर अपार्टमेंटच घ्या. आणि देखावा बघण्याआधी कंपनीचे कागद वाचा. आपल्याकडच्या सोसायटीसारखंच इथे शेअरच्या बळावर घर आपलं असतं आणि दरमहा मेंटेनन्स भरायचा असतो, त्याला इथे 'वास्तिके' म्हणतात. फरक पडतो तो कर्जात. छप्पर, नळ, बाल्कनी यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कंपनी स्वतः बँकेकडून कर्ज काढते आणि त्याचा वाटा प्रत्येक घराच्या डोक्यावर बसतो. म्हणून जाहिरातीत दोन किमती असतात. समजा विक्रीची किंमत ९०,००० युरो आणि कर्जमुक्त किंमत १,६०,००० युरो. मधले ७०,००० तुमच्या नावावर आलेलं कंपनीचं कर्ज. खरी किंमत दुसरी. हस्तांतरण करही तिच्यावरच, शेअर असतील तर दीड टक्का, म्हणजे २,४०० युरो. तेवढ्याच किमतीच्या स्वतंत्र घरावर तीन टक्के, ४,८०० युरो. पहिलं घर घेणाऱ्या तरुणांना पूर्वी या करातून सूट होती, ती २०२४ पासून बंद झाली आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

एजंटकडून गृहनिर्माण कंपनीच्या व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र मागा. इमारतीचं कर्ज, कोणती दुरुस्ती झाली, कोणती ठरली आहे, जमीन कंपनीच्या मालकीची की भाडेपट्ट्यावर, हे सगळं त्यात असतं. सोबत शेवटचा ताळेबंद आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा अहवाल घ्या. हा अहवाल कंपनीच्या मंडळाला दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावाच लागतो. १९८० च्या दशकातली इमारत असेल आणि सांडपाण्याचे, पाण्याचे नळ अजून बदललेले नसतील, तर तो खर्च तुमच्याच काळात येईल असं धरून चाला. भाडेपट्टा कधी संपतो आणि नव्यानं किती भाडं लागेल, हेही विचारा. चांगला एजंट चिडत नाही. जो उत्तर द्यायला टाळाटाळ करतो त्याचं घर सोडून द्या.

तो 'आठवडा' घेऊ नका, अगदी फुकट मिळाला तरी. वर्षातल्या एका ठरावीक क्रमांकाच्या आठवड्याचे ते शेअर असतात. किंमत क्षुल्लक दिसते, कारण मालकाला त्यातून सुटायचं असतं. त्या आठवड्याचा वास्तिके दरवर्षी येत राहतो, तुम्ही तिथे गेलात की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो, आणि नको झाला की घेणारा सापडत नाही.

भाड्याबद्दल आता. लेव्हीला खरी मागणी दोन वेळा असते. एक डिसेंबर, विशेषतः नाताळच्या आसपास, तेव्हा परदेशी पाहुणे येतात. दुसरी फेब्रुवारी-मार्च, फिनिश शाळांच्या हिवाळी सुट्टीचे, म्हणजे वर्षाचे आठवे, नववे आणि दहावे आठवडे. दक्षिणेकडच्या शाळांना सुट्टी आठव्या आठवड्यात असते, म्हणजे एस्पोत तुमच्या मुलीलाही तेव्हाच. तेव्हाच तुम्हाला तिथे जायचं असणार आणि तेव्हाच भाडं सगळ्यात जास्त मिळणार. दोन्ही एकदम होत नाही. कागदावर हिशेब मांडताना स्वतःचे आठवडे आधी वजा करा, मग वास्तिके, वीज, साफसफाई, भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं कमिशन आणि रिकामे महिने. उरलेल्या नफ्यावर ३० टक्के कर, वर्षाचं भांडवली उत्पन्न ३०,००० युरोंच्या वर गेलं तर वरच्या भागावर ३४ टक्के. पाहुण्यांना थोड्या-थोड्या दिवसांसाठी देऊन वर्षाची उलाढाल २०,००० युरोंपलीकडे गेली तर मूल्यवर्धित कराची नोंदणीही करावी लागते. कंपनीच्या कर्जापोटी भरलेला वास्तिके करातून वजा होतो की नाही, हे कंपनी तो हिशेबात उत्पन्न म्हणून दाखवते की भांडवली निधीत टाकते यावर ठरतं. हा प्रश्न खरेदीआधी विचारायचा. हे सगळं वजा जाता हप्ता भाड्यातून निघेल या भरवशावर कर्ज काढू नका, असं मी तुम्हाला कळकळीनं सांगेन. स्वतःच्या सुट्टीसाठी परवडत असेल तर घ्या, भाडं वरकड समजा.

आईबाबांना मे महिन्यात तिकडे न्यायचं लिहिलंय, ते वाचून मला राहवलं नाही. पुण्यातली सुट्टी मे महिन्यात असते, पण लेव्हीत तो वर्षातला सगळ्यात पडेल काळ. स्कीच्या लिफ्ट महिन्याच्या सुरुवातीलाच थांबतात, बर्फाचा चिखल होतो, झाडं अजून उघडी असतात आणि बरीच दुकानं बंद. त्यांना सप्टेंबरात न्या. टेकड्या लाल-पिवळ्या होतात, लिंगनबेरी पिकलेली असते, आणि इथे कुणालाही जंगलात जाऊन ती वेचता येते. डिसेंबरात न्यायचं तर आधी सांगा, की साधारण तीन आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. रुका आर्क्टिक वृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, तिथे दिवस छोटा असतो, पण सूर्य उगवतो. वयस्क माणसांना हा फरक फार जाणवतो.

थंडीचा खर्च हलका घेऊ नका. कित्तिला तालुक्यातच, ज्यात लेव्ही येतं, पोक्का गावी २८ जानेवारी १९९९ ला उणे ५१.५ अंशांची नोंद आहे. एवढी थंडी रोज नसते, पण उणे तीस पडतेच. घर रिकामं असलं तरी आतलं तापमान राखावं लागतं, नाहीतर पाईप फुटतात. थेट विजेवर तापणारं घर असेल तर मागच्या दोन हिवाळ्यांची बिलं मागून घ्या. ५ जानेवारी २०२४ ला बाजारभावानं एक युनिट वीज दोन युरोंच्याही वर गेली होती. निघताना पाण्याचा मुख्य नळ बंद करायची सवय सगळ्या घराला लावा. ओले स्कीचे कपडे वाळवायचं कपाट आहे का, गाडीचं इंजिन गरम करायचा प्लग पार्किंगमध्ये आहे का, तेही बघा. स्वतंत्र घराच्या छपरावरचं बर्फ एस्पोत बसून काढता येत नाही, माझा अपार्टमेंटकडे कल असण्याचं हे मोठं कारण.

जागेबद्दलही विचार करा. एस्पोहून लेव्ही रस्त्यानं हजार किलोमीटरच्या आसपास. हेलसिंकीहून कोलारीला रात्रीची गाडी जाते, तिच्यावर आपली मोटारही चढवता येते, आणि कित्तिलाचा विमानतळ लेव्हीपासून जेमतेम पंधरा किलोमीटर. तरी शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघण्याजोगं ते अंतर नाही. अधूनमधून शनिवार-रविवारी जायचं असेल तर याम्साजवळचं हिमोस किंवा कुओपिओकडचं ताहको ही स्कीची ठिकाणं बघा. उतार लहान, पण मुलीला शिकायला पुरेसे.

पैशांचं म्हणाल तर इथली बँक ते कुठून आले हे विचारेलच. वाकडच्या फ्लॅटचं विक्रीखत, भरलेला कर, सीएचं प्रमाणपत्र, सगळ्याची इंग्रजी प्रत जवळ ठेवा. भारतात निवासी असताना रिझर्व्ह बँकेच्या, परदेशी पैसे पाठवायच्या उदारीकृत योजनेखाली माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते, तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर अडकतो. अनिवासी झाल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतची वाट आहे. फ्लॅट इकडे आल्यावर विकलात तर नफा फिनलंडच्या कर कार्यालयालाही कळवावा लागेल. म्हणून विक्रीची तारीख ठरवण्याआधी सीएशी बोला.

पहिल्या हिवाळ्यात काही घेऊ नका. आठव्या आठवड्यात त्याच इमारतीत भाड्यानं राहा, लिफ्टपर्यंत मुलीला बुटांसकट चालवून बघा, शेजाऱ्यांना दुरुस्तीबद्दल विचारा. आवडलेल्या घराचं व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र मला पाठवा. ते फिनिशमध्ये असेल, मी आणि हे बसून ओळीनं वाचू आणि कुठे काय खटकतं ते तुम्हाला कळवू.