हेलिकॉप्टरच्या रिसीव्हरला लिथियम-आयन पॅक कोणता घ्यावा?

परभणीतून विचारलंय: रिमोटवर उडणाऱ्या नायट्रो (इंधनाच्या इंजिनाच्या) मॉडेल हेलिकॉप्टरच्या रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाला) दोन सेलचा लिथियम-आयन पॅक चालेल का? चालेल, पण आधी सर्व्हो (हेलिकॉप्टरचे कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटर) किती व्होल्टचे आहेत ते बघा. दोन सेल पूर्ण चार्ज झाले की 8.4 व्होल्ट देतात. सर्व्हो 6 व्होल्टचे असतील तर मधे व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर पाहिजेच, नाहीतर ते जळालेच म्हणून समजा.

एमएएचच्या (पॅकमध्ये किती चार्ज मावतो त्याच्या) आकड्याला भुलू नका राव. डिजिटल सर्व्हो झटक्यात भरपूर करंट ओढतात. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल तिथंच मान टाकतात. व्होल्टेज पडतं, रिसीव्हर बंद आणि हेलिकॉप्टर थेट तुरीच्या शेतात. (माझं गेलंय.) जास्त करंट देणारे सेलच घ्या. चार्जर लिथियमचाच वापरा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पॅक गाडीत ठेवून चहाला जाऊ नका.