दगडांच्या रिंगणात नांदणारं गाव : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

गेल्या अंकात मी इंग्लंडच्या विल्टशरमधल्या एव्हबरी गावाबद्दल दोन पानं लिहिली होती, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दगडांचं अवाढव्य वर्तुळ आणि त्याच्या आतच वसलेलं गाव, असं ते आहे. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी शेजारच्या स्विंडन शहरात राहते, बस पकडून कितीतरी वेळा तिकडे गेलेय आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवीन दिसतं, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मुलाने आम्हाला एव्हबरीला नेलं होतं. तिकीट नाही, कुंपण नाही, दगडांमध्ये मेंढ्या चरतायत, मधून मोटारींचा रस्ता जातोय आणि वर्तुळाच्या आत चक्क पब! युनेस्कोचा वारसा म्हणतात आणि इतकी बेफिकिरी? (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

काका, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही अगदी असंच वाटलं होतं. पण ही बेफिकिरी नाहीये. मेंढ्या तिथे मुद्दाम सोडतात, त्या गवत आखूड ठेवतात म्हणजे झुडपं माजत नाहीत आणि झुडपांची मुळं जमिनीत खोल जाऊन खालच्या अवशेषांचं काही बिघडवत नाहीत. जागेची देखभाल नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था करते, गाडी लावायला आणि म्युझियम बघायला पैसे पडतात पण दगडांपाशी जायला काही नाही. स्टोनहेंज या दुसऱ्या प्रसिद्ध दगडी वर्तुळाला लांबून दोरीबाहेरून बघावं लागतं, इथे तुम्ही दगडाला पाठ टेकून डबा खाऊ शकता.

आणि हे आहे केवढं ते बघा, बाहेरचं वर्तुळ साधारण ३३० मीटर व्यासाचं, जगात एवढं मोठं दगडी वर्तुळ दुसरं नाही, त्यात मुळात शंभराच्या आसपास दगड होते. त्याच्याभोवती खंदक, जो आता अर्धाअधिक बुजलाय पण मूळचा ९ मीटर किंवा जास्तच खोल होता, आणि तो खणला हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी, खालच्या पांढऱ्या खडूच्या खडकात. एवढ्या मोठ्या जागेत नंतरच्या लोकांनी घरं बांधली यात नवल नाही, आयती मोकळी जमीन, आडोशाला बांध. तो रेड लायन पब, त्याच्यावरचं गवती छप्पर, समोरचा रस्ता, हा सगळा त्या जागेच्या इतिहासाचाच भाग आहे. रस्त्यावरच्या गाड्या मलाही खुपतात हे मात्र खरं.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या वास्तूंबद्दल वाचताना कुठे ‘शेड्यूल्ड’ तर कुठे ‘लिस्टेड’ असं येतं, दोन्ही एकच का? आणि एका गावात एवढं संरक्षित असतं तरी काय काय? (एक विद्यार्थिनी, पुणे)

एकच नाही, आणि तिथले लोकसुद्धा यात गोंधळतात. शेड्यूल्ड म्हणजे प्राचीन स्मारक, बहुतेक वेळा जमिनीतलं किंवा पडकं. लिस्टेड म्हणजे इमारत, सहसा वापरातली. पहिल्यासाठी परवानगी थेट सरकारकडून लागते, हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था त्यात सल्ला देते, दुसऱ्यासाठी स्थानिक कौन्सिलकडून. लिस्टेडमध्ये तीन पायऱ्या आहेत, ग्रेड वन, ग्रेड टू-स्टार आणि ग्रेड टू, आणि ९० टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टूच असतात, ग्रेड वन जेमतेम अडीच टक्के. १७०० च्या आधीची कुठलीही इमारत बऱ्यापैकी मूळ रूपात उरली असेल तर ती यादीत जातेच असं धरून चाल.

आता एव्हबरीचा पॅरिश घे, पॅरिश म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा सगळ्यात खालचा थर. त्यात हे वर्तुळ, तिकडून दोन-अडीच किलोमीटर लांब गेलेली दुतर्फा दगडांची वाट, सिल्बरी हिल नावाची माणसांनी रचलेली ३९ मीटर उंचीची टेकडी, वेस्ट केनेटचं लांबलचक सामुदायिक थडगं जे इसवी सनापूर्वी ३६५० च्या आसपासचं आहे, सेंट जेम्स चर्च ज्याच्या भिंतींत नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायच्या आधीचं बांधकाम आहे, मॅनर म्हणजे गावच्या जमीनदाराचा वाडा, सतराव्या शतकातलं गवती छपराचं भलं मोठं धान्याचं कोठार, कबुतरखाना, आणि साधी साधी घरं. चर्चची गंमत अशी की त्याला परवानगी कौन्सिलकडून नाही, चर्चच्या स्वतःच्या व्यवस्थेतून घ्यावी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. या चर्चमध्ये जुना लाकडी कोरीव सज्जा आहे, धर्मक्रांतीच्या (रिफॉर्मेशनच्या) काळात तो फोडला जाईल म्हणून कुणीतरी गिलाव्याआड दडवला आणि १८१० मध्ये परत सापडला.

आणि यातला मला सगळ्यात आवडणारा नियम सांगते. ज्या घरात माणूस राहतो ते घर शेड्यूल्ड करता येत नाही, कायद्यातच तसं आहे, पण त्या घराखालची जमीन करता येते. म्हणजे वर्तुळातल्या घरात राहणाऱ्याला खिडकीसाठी कौन्सिलकडे जावं लागतं आणि अंगणात ड्रेनेजचा पाइप टाकायला खणायचं असेल तर सरकारकडे, एकाच उंबऱ्याच्या वर एक कायदा आणि खाली दुसरा.

प्रश्न : वर्तुळातले बरेच दगड गायब आहेत असं तुम्ही लिहिलंत. कुणी नेले? (एक वाचक, चिपळूण)

गावकऱ्यांनी. आणि हेच मला खरं तर सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून प्रश्न आल्याचा आनंद झाला. चौदाव्या शतकात लोकांनी बरेच दगड खड्डे खणून पाडून पुरले, बहुधा जुन्या देवाधर्माच्या खुणा म्हणून. पुरलेले वाचले. खरा घात सतराव्या-अठराव्या शतकात झाला, तेव्हा दगड पाडायचा, खाली गवत पेटवून तो चांगला तापवायचा, त्यावर थंड पाण्याची रेघ ओढायची आणि मग घण घालायचे, सार्सन नावाचा हा अतिशय चिवट दगड असा फुटतो. विल्यम स्टुकली नावाचा डॉक्टर १७१९ पासून पाच-सहा वर्षं दर साल तिथे येऊन हे डोळ्यांनी बघत होता आणि हताश होऊन चित्रं काढून, मोजमापं घेऊन ठेवत होता, आज आपल्याला कुठला दगड कुठे होता ते कळतं त्यात त्याच्या वह्यांचा फार मोठा वाटा आहे.

फोडलेल्या दगडांचं काय झालं, तर घरं झाली. आज तुम्ही गावातून चाललात तर घरांच्या भिंतींत तेच राखाडी सार्सनचे चिरे दिसतात. आणि ती घरं आता स्वतःच तीनशे वर्षांची होऊन लिस्टेड झालीयत! म्हणजे संरक्षित स्मारक फोडून बांधलेली घरं संरक्षित, आणि ते बरोबरच आहे असं माझं ठाम मत आहे कारण ती भिंत पाडून दगड काही परत उभा राहणार नाही, आणि फोडणाऱ्यालाही डोक्यावर छप्पर हवं होतं, त्याचाही इतिहास आहे.

प्रश्न : ॲलेक्झांडर कीलर या श्रीमंत माणसाने गाव पाडून दगड उभे केले असं ऐकलं, हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

अर्धं खरं आहे. कीलर घराणं मुरंब्याचं, संत्र्याच्या मार्मलेडचं, पैसा अमाप. आधी १९२४ च्या सुमाराला त्याने शेजारची विंडमिल हिल विकत घेतली कारण तिथे रेडिओचा मोठा मनोरा उभा राहणार होता, त्यापासून त्याने ती टेकडी वाचवली. मग १९३४ ते १९३९ मध्ये त्याने पुरलेले दगड शोधून शोधून परत जागेवर उभे केले, जे फुटून गेलेत तिथे सिमेंटचे छोटे खुंट रोवले म्हणजे खरं-खोटं वेगळं कळावं. तुम्ही आज जे एव्हबरी बघता ते बरंचसं त्याचं आहे. १९४३ मध्ये त्याने ते नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना दिलं, नुसती शेतजमिनीची किंमत, ओतलेला पैसा त्याने मागितलाच नाही.

पण वर्तुळातली काही घरं आणि गोठे त्याने विकत घेऊन पाडले हेही तितकंच खरं आणि तिथली काही कुटुंबं पलीकडे एव्हबरी ट्रस्लोला राहायला गेली. माणूस दगडांवर जीव टाकणारा होता आणि त्याच्याशिवाय ते दगड अजून मातीखाली असते, तरी मी तिथे रिकाम्या हिरवळीवर उभी राहिले की कुणाची चूल इथे होती हा विचार येतोच. आज असं करायला परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये.

प्रश्न : भाचीने इंग्लंडमध्ये खेड्यात ग्रेड टू लिस्टेड कॉटेज घेतलंय. एजंट म्हणाला फक्त दर्शनी भाग जपायचा, आत काय हवं ते करा. खरंय का? (एक मावशी, सांगली)

मावशी, साफ चुकीचं आहे, भाचीला आजच फोन करा. लिस्टेड म्हणजे आतबाहेर सगळं, जिना, दारं, चूल, तुळया, आणि अंगणात १ जुलै १९४८ च्या आधीची भिंत किंवा शेड असेल तर बहुतेक वेळा तेही. जसंच्या तसं दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही पण इमारतीचं रूप बदलणारं काहीही विनापरवाना केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, कोर्टात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि अजून एक, आधीच्या मालकाने काही विनापरवाना केलं असेल तर खटला त्याच्यावर होईल पण ते पूर्ववत करायची नोटीस तिच्या नावावर येऊ शकते, त्याला मुदतीची मर्यादा नाही. त्यामुळे जुन्या मालकाने काय काय केलं त्याचे परवानगीचे कागद वकिलाकडून मागून घ्यायला सांगा.

खिडक्यांना दोन काचांची नवी चौकट बसवायला बरेचदा नकार येतो, पण आतून दुसरी काच लावायला सहसा हो म्हणतात. आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी सुचवला तर हात जोडा. माझ्या ओळखीतल्या एका घराला बिल्डरने तसा केला होता, दोन हिवाळ्यांत भिंती आतून ओल्या गच्च, सगळा खरवडून परत चुन्याचा करावा लागला. जुनी भिंत चुन्यातून श्वास घेते, आपल्या वाड्यांसाठी घाण्यात मळलेल्या चुन्याबद्दल आजोबा जे म्हणायचे तेच हे लोक तिकडे आज पैसे मोजून शिकतायत.

प्रश्न : आम्ही पन्हाळ्यावर राहतो. २०२५ च्या जुलैमध्ये गड युनेस्कोच्या यादीत आला, आनंद आहे पण घर दुरुस्त करता येणार का, उठवणार तर नाहीत ना, ही धास्ती आहे. एव्हबरीच्या लोकांना काय अनुभव? (एक रहिवासी, पन्हाळा)

तुमची धास्ती समजते आणि ती खोटी नाहीये. एव्हबरी १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि गाव आजही नांदतंय. युनेस्को स्वतः कुणाला उठवत नाही, नियम त्या त्या देशाचेच लागतात. फरक नियमांतच आहे. आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने, सगळ्यांना एकच फूटपट्टी, शनिवारवाड्याच्या आजूबाजूचे लोक हेच भोगतायत. इंग्लंडमध्ये असा मीटरचा आकडा नाही, तिथे प्रत्येक अर्जात विचारतात की याने स्मारकाच्या भोवतालाला किती धक्का लागतो. त्यात वेळ जातो, कटकट होते, पण माणसाचं म्हणणं ऐकलं तरी जातं. आपल्याकडेही त्या १०० मीटरमध्ये आधीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, तोंडी ‘नाही’वर थांबू नका, लेखी अर्ज करा, लेखी उत्तर मागा, आणि गडाचा व्यवस्थापन आराखडा होताना नगरपरिषदेमार्फत तुमची माणसं त्या टेबलाशी बसतील एवढं बघा. पन्हाळा माणसांसकट गड आहे, तसाच तो राहायला हवा.

एक आठवण इथेच सांगते, तिकडचा पहिला स्मारक कायदा १८८२ चा, तो जॉन लबक या खासदाराने जवळजवळ दहा वर्षं झगडून आणला आणि १८७१ मध्ये एव्हबरीत घरांसाठी प्लॉट पडणार होते तेव्हा त्याने स्वतः ती जमीन विकत घेतली होती. लोक म्हणायचे माझ्या जमिनीतल्या दगडाचं मी काय करायचं ते सरकार कोण सांगणार. आपल्याकडे कर्झनच्या काळात १९०४ चा कायदा आला तो त्यानंतर.

प्रश्न : ताई, दगडाखाली माणूस सापडला होता हे खरं का? तो दबून मेला का? (इयत्ता सातवी, सातारा)

खरं आहे रे. १९३८ मध्ये कीलरची माणसं एक पुरलेला दगड उचलत होती, त्याच्याखाली सांगाडा निघाला, जवळ १३२० च्या दशकातली नाणी, कात्री आणि एक छोटं टोकदार अवजार, म्हणून लोकांनी ठरवलं की हा न्हावी, त्या काळी न्हावीच जखमा चिरून औषधपाणी करायचे. सगळ्यांना वाटलं की दगड पाडताना अंगावर येऊन बिचारा गेला. सांगाडा लंडनला पाठवला आणि महायुद्धात १९४१ मध्ये बॉम्ब पडून नष्ट झाला असं समजले. पण साठेक वर्षांनी तो तिथल्याच एका म्युझियमच्या कपाटात मिळाला! परत तपासला तेव्हा हाडांवर चिरडल्याच्या खुणा सापडल्या नाहीत, म्हणजे तो आधीच गेलेला असावा आणि त्याला तिथे ठेवलं असावं. तो दगड कीलरने उभा केला, आजही उभा आहे, त्याला बार्बर स्टोन म्हणतात आणि मेंढ्या त्याच्या सावलीत बसतात.