वाचक विचारतात : क्रिनोलिन, खासगी खोली आणि गॅसचा उजेड

प्रश्न : आमच्या नाटकात १८६७ सालच्या पॅरिसमधल्या रेस्टॉरंटचा प्रवेश आहे. उमराव घराण्यातली बाई क्रिनोलिन (झगा फुगवणारा पोलादी कड्यांचा सांगाडा) घालून भर हॉलमध्ये जेवते, असं दाखवावं का? तालमीत ती बसली की घेर पुढून वर उडतो, त्याचं काय करायचं?

उत्तर : भर हॉलमध्ये नको. प्रतिष्ठित बायका तेव्हा सहसा तिथे जेवत नसत. जायचंच तर सोबत नवरा आणि बसायला वेगळी खासगी खोली. प्रवेश 'काफे आंग्ले' या पॅरिसमधल्या रेस्टॉरंटमध्ये ठेवा. तिथली १६ नंबरची खोली, 'ग्रां सेझ', फार गाजलेली. मुदपाकखाना आदोल्फ द्युग्लेरेच्या हाती. रशियाचा झार आणि प्रशियाचा राजा विल्हेल्म ७ जून १८६७ रोजी इथेच एकत्र जेवले. बाईला हॉलमध्येच बसवायचं असेल, तर नाटक १८९८ नंतरचं करा. त्या वर्षी पॅरिसमध्ये सेझार रिट्झचं हॉटेल उघडलं आणि तिथे स्त्रिया उघडपणे जेवू लागल्या.

आता घेर. चहूबाजूंनी सारखा गोल घेर दहा वर्षं आधीचा. १८६७ पर्यंत तो पुढून सपाट होऊन मागे सरकला होता. पोलादी कड्या उभ्या कापडी पट्ट्यांवर लोंबत्या हव्यात, म्हणजे बसताना एकावर एक मिटतात. मधे आडवा टेकू शिवला की मिटत नाहीत. घेर उडतो तो मात्र मागच्या कडीवर बसल्यामुळे. खुर्चीकडे पाठ करून दोन्ही हातांनी मागच्या कड्या किंचित उचलायच्या आणि खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर टेकायचं. खुर्ची बिनहातांचीच घ्या. खालची कडी जमिनीपासून वीतभर वर ठेवा, नाहीतर पाय अडकेल. सांगाड्यावर एक-दोन परकर हवेतच. नुसत्या झग्यातून कड्यांचे वळ दिसतात आणि सगळी शोभा जाते.

प्रश्न : त्याच काळासाठी भडक किरमिजी-गुलाबी रेशीम चालेल?

उत्तर : जरूर. फुक्सिन हा कृत्रिम रंग लियाँमध्ये १८५९ साली आला. मात्र कापड दुकानातल्या पांढऱ्या उजेडात निवडू नका. गॅसच्या पिवळट उजेडात निळा काळवंडतो, फिका पिवळा पांढरा भासतो. म्हणूनच पॅरिसच्या र्यू द ला पे या रस्त्यावरच्या, पोशाख शिवणाऱ्या चार्ल्स वर्थच्या पेढीत संध्याकाळचे पोशाख पाहायला गॅसदिव्यांचं स्वतंत्र दालन होतं. तुम्हीही कापडाचा हातभर तुकडा आणून रंगमंचावरच्या पिवळ्या दिव्याखाली बघा, मगच पूर्ण ताग्याचे पैसे द्या.