आईच्या लिव्हरला भूल सोसेल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही आजरा तालुक्यातले. आईचं वय ६२. पित्ताशयात खडे झालेत आणि कोल्हापुरात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही निघालं. चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या मामांना हर्नियाच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात कावीळ झाली होती. ते वाचले, पण तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, भुलीच्या वायूनं लिव्हरचं रक्त आटतं. आई घाबरलीय. पूर्ण भूल टाळून मणक्यातली देता येईल का?

उत्तर : आईंची भीती मला कळते. तुमच्या घरच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सोडवूया.

पहिली, रक्ताची. लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त लागतं, म्हणजे हृदय जेवढं ढकलतं त्याचा पाव हिस्सा. यातलं तीन चतुर्थांश आतड्यांतून फिरून पोर्टल शिरेनं येतं. उरलेलं धमनीतून थेट येतं, पण ते ताजं असल्यामुळे निम्मा ऑक्सिजन तेच पुरवतं. पोर्टलचं रक्त कमी झालं की धमनी आपणहून रुंदावते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तुम्ही पाहिले असतील. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की ते उघडतात, तिथं कुणाला बटण दाबावं लागत नाही. इथं पाण्याच्या जागी ॲडेनोसिन नावाचा, शरीरातच तयार होणारा पदार्थ असतो. पोर्टलचा प्रवाह जोरात असतो तेव्हा तो वाहून जातो, प्रवाह मंदावला की साठतो आणि धमनी उघडतो. तूट सगळी भरून निघत नाही, पण लिव्हर तगून राहतं.

हॅलोथेन हा भुलीचा जुना वायू नेमका हाच दरवाजा अडवायचा. पोर्टलचं रक्त कमी व्हायचं आणि धमनीही साथ द्यायची नाही. तो १९५६ साली वापरात आला. भूलतज्ज्ञ म्हणून माझी सुरुवातीची वर्षं त्याच्यावरच गेली. गोडसर वास, गडद रंगाची बाटली, आणि टिकण्यासाठी त्यात घातलेला थायमॉल, आपल्या ओव्यात असतो तोच. हा थायमॉल व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या यंत्रात, साठून पिवळट थर धरायचा, आणि तो साफ करण्यात आमचा वेळ जायचा. आज वापरले जाणारे आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन नेहमीच्या मात्रेत धमनीची ही सोय बरीचशी शाबूत ठेवतात.

दुसरी गोष्ट मामांची. 'दुसऱ्या ऑपरेशननंतर' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हॅलोथेनचा जवळपास पाचवा हिस्सा शरीरातच, मुख्यतः लिव्हरमध्ये, मोडला जातो. त्यातून निघणारा एक पदार्थ लिव्हरच्या प्रथिनांना चिकटतो आणि क्वचित एखाद्याचं शरीर त्या प्रथिनांनाच परकं समजून त्यांच्यावर हल्ला करतं. पुन्हा तोच वायू मिळाला की हा धोका वाढतो. याचा रक्त आटण्याशी संबंध नाही, ही ॲलर्जीच्या जातीची गोष्ट आहे. मामांना तेच झालं होतं असं मात्र मी इथं बसून म्हणणार नाही. ऑपरेशननंतरची कावीळ जंतुसंसर्गानं, दिलेल्या रक्तानं किंवा इतर औषधांनीही होते. डेसफ्लुरेन शरीरात जेमतेम ०.०२ टक्के मोडतं, आयसोफ्लुरेन ०.२ टक्के. सेव्होफ्लुरेन त्यांच्यापेक्षा जास्त मोडतं, पण त्यातून तो चिकटणारा पदार्थ तयारच होत नाही. तरीही मामांची हकिगत भूलतज्ज्ञांना सांगाच. गरज वाटली तर वायू न वापरता शिरेतून प्रोपोफॉल देऊनही पूर्ण भूल ठेवता येते.

आता मणक्यातल्या भुलीचं. तिनं लिव्हर वाचतं ही समजूत चुकीची आहे. पित्ताशयासाठी भूल छातीपर्यंत चढवावी लागते, त्यात रक्तदाब उतरतो आणि दाब उतरला की लिव्हरचं रक्तही उतरतं. शिवाय दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर असतो. पोर्टल शिरेतला दाब एरवी ५ ते १०. म्हणजे वायूपेक्षा पोटातला हा दाबच पोर्टलचं रक्त जास्त रोखतो. म्हणून मी अशा पेशंटला भूल द्यायला बसले की सर्जनना विचारते, दाब थोडा कमी ठेवून चालेल का? अनुभवी हातांना बहुतेक वेळा चालतं. सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली जाऊ नये यासाठी माझा डोळा मॉनिटरवरून हलत नाही. 'कोणता वायू देणार' एवढंच विचारून थांबू नका, 'रक्तदाब कसा सांभाळणार' हेही विचारा. त्या प्रश्नाचा कुणाला राग येणार नाही.

नुसतं फॅटी लिव्हर असेल, रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) ठीक असतील, तर आईंचं लिव्हर हा तासाभराचा ताण सहसा सोसतं. सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून कडक झालेलं लिव्हर, असतं तर मी वेगळं बोलले असते. तिथं पोर्टलचं रक्त आधीच अडलेलं असतं आणि सगळी भिस्त धमनीवर असते.

एक कळकळीनं सांगते. आपल्याकडच्या बायका ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून निर्जळी धरतात. शुक्रवार असेल तर अंबाबाईचा उपवासही त्यात येतो. जेवण सहा ते आठ तास आधी बंद हवं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. तुमच्या डॉक्टरांना वेळ विचारून घ्या आणि तोवर आईंना पाणी द्या. सुकलेल्या शरीराला भूल दिली की पहिल्या पाच मिनिटांतच दाब घसरतो. कावीळ उतरावी म्हणून किंवा खडे विरघळावेत म्हणून कुणी काढा, झाडपाला दिला असेल तर तेही लपवू नका. त्यातली काही औषधं लिव्हरलाच बाधतात.

मामांच्या घरी पत्र्याच्या पेटीत वगैरे जुने कागद असतील तर एकदा शोधा. भुलीच्या नोंदीत 'हॅलोथेन' किंवा 'फ्लुओथेन' (हॅलोथेनचंच बाजारातलं नाव) दिसलं, तर तो कागद तपासणीच्या दिवशी फाइलमध्ये सगळ्यात वर लावून आणा.