जुन्या चित्रपटांचा संथपणा आजच्या प्रेक्षकाला खटकतो; मग जुने मराठी चित्रपट पाहण्याची सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

माझ्या मते प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम'ने (1936) करावी. जुन्या चित्रपटांचा संथपणा आजच्या प्रेक्षकाला खटकतो, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. परंतु दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात तो संथपणाच अर्थपूर्ण ठरतो. सुरुवातीचाच प्रसंग नीट पाहावा: विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा डोळे मिटून अगदी साधेपणाने अभंग गातात आणि पाठोपाठ तोच अभंग तुकोबांचा मत्सर करणारा सालोमालो देवळात, नाटकी हावभाव आणि ताना घेत, स्वतःचा म्हणून गातो. एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता खरी भक्ती आणि तिचे सोंग यांतील अंतर आपल्या कानांना कळते. गौरीबाईंनी साकारलेली तुकोबांची पत्नी आवली तर मला पागनीसांइतकीच थोर वाटते, कारण संसाराचे ओझे वाहणाऱ्या त्या बाईचा राग आणि माया दोन्ही अस्सल आहेत. 'आधी बीज एकले' हे त्यातील पद शांताराम आठवले यांनी रचले, तरी ते तुकोबांचेच असावे असे अनेकांना वाटत आले आहे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही या चित्रपटाचा गौरव झाला. पहिल्यांदा पाहताना शक्यतो मध्ये थांबू नये.